लाईक : आहेर की कौल?

शनिवार, १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात जे घडले ते वऱ्हाडातील माणूस विसरलेला नाही. समाजमाध्यमावरील धार्मिक आशयाच्या एका आक्षेपार्ह मजकुरावरून वाद पेटला, जमाव रस्त्यावर उतरला, दगडफेक आणि जाळपोळ झाली. एका व्यक्तीला प्राण गमवावे लागले, पोलिसांसह अनेकजण जखमी झाले. जमावबंदी लागू झाली आणि इंटरनेट काही काळ बंद ठेवावे लागले. त्याआधी दीड वर्षापूर्वी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ निघालेल्या मोर्चानंतर अमरावतीनेही हिंसाचार, संचारबंदी आणि बंद इंटरनेटचे दिवस पाहिले होते.

या प्रसंगांचे राजकीय आणि प्रशासकीय विश्लेषण पुष्कळ झाले आहे. त्याची पुनरुक्ती करण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांला पडलेला प्रश्न त्याहून साधा आणि घरातला आहे. असा मजकूर लिहिणारा एखादाच असतो. मग तो शहरभर पोहोचतो कोणाच्या बोटांनी? कोणी त्याला अंगठा दाखवतो, कोणी लाल बदाम देतो, कोणी संतापून खाली चार शब्द लिहितो, कोणी नुसतेच हसरे चिन्ह टाकतो. अशा बोटांमध्ये आपल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींची बोटे नसतील, असे छातीठोकपणे सांगू शकणारे पालक किती? आणि बोट टेकवताना आपण नेमके काय केले, असे त्या मुलांना वाटत असते? या प्रश्नाचे उत्तर शोधल्याविना मुलांना उपदेश करणे व्यर्थ आहे, असे आमचे मत आहे.

मुलांच्या हिशेबाची वही

धर्मशिक्षणाच्या वर्गात, युवक मेळाव्यात किंवा सुट्टीतील शिबिरात मुलांशी या विषयावर बोलू लागले की एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. लाईक म्हणजे ‘मला हे पटले’ असा अर्थ मोठी माणसे लावतात, मुले क्वचितच लावतात. मैत्रिणीने छायाचित्र टाकले की लाईक द्यायचे असते; ते पाहिले किंवा न पाहिले, आवडले किंवा न आवडले, हा प्रश्न दुय्यम असतो. दिले नाही तर दुसऱ्या दिवशी शाळेत विचारणा होते. जवळच्या मैत्रिणीने नुसता बदाम देऊन भागत नाही, तिने कमेंटही करावी अशी अपेक्षा असते. आणि आज मी दिले म्हणजे उद्या माझ्या छायाचित्राला तिने द्यायलाच हवे.

हा व्यवहार आपल्याला अगदीच अपरिचित आहे का? लग्नमंडपात कोपऱ्यात एक जण वही घेऊन बसतो. कोणी किती आहेर केला ते नावानिशी लिहून ठेवले जाते, आणि त्यांच्या घरचे कार्य निघाले की वही उघडून तेवढाच, किंवा थोडा अधिक, आहेर केला जातो. आहेर देणारा त्या विवाहाच्या योग्यायोग्यतेवर मत देत नसतो. ‘आम्ही आलो होतो, आपले संबंध आहेत’ एवढेच तो सांगत असतो. मुलांचा लाईक बहुतांशी असाच आहेर आहे. आणि चौकाचौकांत लागणारे वाढदिवसाचे फ्लेक्स? एक मोठा चेहरा आणि त्याखाली ‘शुभेच्छुक’ म्हणून पन्नास लहान चेहरे! अमरावती असो वा अकोला, हे फलक मोठ्यांनी मोठ्यांसाठी लावलेले असतात. तेव्हा लाईक मोजण्याची हौस केवळ नव्या पिढीला लागली आहे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मुलांच्या या व्यवहारात सूक्ष्म भेदही आहेत. कोणी वर्षभरापूर्वीचे जुने छायाचित्र शोधून त्याला लाईक दिले तर त्यात मैत्रीहून अधिक काही सुचवले आहे, असे मानले जाते. एखाद्याच्या गंभीर बोलण्याखाली हसरे चिन्ह टाकणे हा अपमान समजला जातो. जी चिन्हे आपल्याला एकसारखी दिसतात, त्यांचे निरनिराळे अर्थ मुलांना तोंडपाठ असतात. मुले मूर्खपणाने अंगठा चालवतात असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. त्यांच्यापाशी नियम आहेत, मर्यादा आहेत, आपसातील लाजलज्जाही आहे.

मात्र आहेर आणि लाईक यांत एक मोठा फरक आहे. आहेराची वही कार्य आटोपले की कपाटात जाते. लाईकचा आकडा छायाचित्राखाली सर्वांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो आणि शेजारच्या मुलीच्या आकड्याशी त्याची तुलना अटळ होते. येथेच आहेराचा कौल होऊ लागतो. ‘तिला दोनशे, मला चाळीस’ हे वाक्य प्रथम छायाचित्राविषयी असते. हळूहळू ते स्वतःविषयी होते. थोडे लाईक मिळालेले छायाचित्र तासाभरात काढून टाकणारी मुले याच कौलाला घाबरलेली असतात.

आकड्याचे वजन

हा परिणाम केवळ कल्पनेतला नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेरा ते अठरा वर्षे वयाच्या ३२ मुलामुलींना इन्स्टाग्रामसारख्या पडद्यावर छायाचित्रे दाखवण्यात आली. त्यांत त्यांची स्वतःची छायाचित्रेही होती. प्रत्येक छायाचित्राखाली लाईकचा आकडा होता. तो समवयस्कांनी दिला आहे असे मुलांना सांगितले होते. वास्तविक तो संशोधकांनीच ठरवलेला होता. आकडा मोठा असलेल्या छायाचित्राला मुलांनी स्वतःही अधिक प्रमाणात लाईक दिले. स्वतःच्या छायाचित्राखाली मोठा आकडा दिसताच आनंद आणि बक्षीस यांच्याशी संबंधित असलेला मेंदूचा भाग अधिक सक्रिय झाला. प्रयोग लहान होता. त्यावरून सर्व मुलांविषयी अंतिम निष्कर्ष काढू नये. परंतु त्यातील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे : चित्र तेच, केवळ आकडा बदलला आणि आवड बदलली.

२०२१ साली फेसबुक कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रे जगासमोर आणली. त्यांतील एका पाहणीत, स्वतःच्या शरीराविषयी वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची नोंद होती. या आकड्यांचा अर्थ चुकीचा लावला जात आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. तो वाद बाजूला ठेवला, तरी हा प्रश्न कंपनीच्या आतही विचारला जात होता, एवढे निश्चित.

आपल्या वऱ्हाडातील मुलांच्या संदर्भात याला आणखी एक पदर आहे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांसाठी अकोला आज सर्वदूर ओळखले जाते. बुलडाणा, वाशीम, यवतमाळ येथील सोळा-सतरा वर्षांची मुले घर सोडून तेथे वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. दर आठवड्याची चाचणी, चाचणीचे गुण, गुणांवरून क्रमांक. दिवसभर एका आकड्याने तोललेले हे मूल रात्री खोलीवर येऊन भ्रमणध्वनी उघडते, तेव्हा तेथे दुसरा आकडा त्याची वाट पाहत असतो. पहिल्या आकड्यासाठी निदान अभ्यास करता येतो. दुसऱ्यासाठी काय करावे हेच ठाऊक नसते. घरापासून दूर असलेल्या या मुलांना कोणीतरी ‘तू कसा आहेस?’ असे आकड्याविना विचारण्याची फार गरज आहे.

यंत्र काय वाचते?

मित्राने दिलेला लाईक मित्र ‘आठवण’ म्हणून वाचतो. पण तोच लाईक आणखी एक वाचक वाचत असतो, आणि तो माणूस नाही. फेसबुकने लाईकचे बटण ९ फेब्रुवारी २००९ रोजी आणले. २०१६ मध्ये त्याच्या जोडीला प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि राग दर्शवणारी चिन्हे आली. कोणाला काय दाखवायचे हे ठरवणारी यंत्रणा या प्रत्येक चिन्हाला आणि कमेंटला काही वजन देते. २०१७ पासून फेसबुकच्या यंत्रणेत अशा चिन्हांना, रागाच्या चिन्हालाही, साध्या लाईकच्या पाचपट वजन दिले जात होते, हे २०२१ मध्ये उघड झाले. पुढे हे वजन टप्प्याटप्प्याने कमी करून रागाच्या चिन्हाचे वजन २०२० मध्ये शून्यावर आणले गेले. परंतु मधल्या काळात जगभरात किती संताप या मार्गाने वाढीस लागला असेल, याचा अंदाज कोणी करावा?

आपल्या मुलांना हे समजावून सांगणे अत्यंत आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते. एखाद्या द्वेषपूर्ण मजकुराखाली ‘हे खोटे आहे’ असे तावातावाने लिहिणाऱ्या मुलाला वाटते, आपण विरोध केला. यंत्राच्या हिशेबात तो सहभाग असतो. दहा जणांनी पाठिंबा दिला आणि दहा जणांनी शिव्या घातल्या, तर यंत्राला वीस माणसे गुंतलेली दिसतात, आणि ते तो मजकूर आणखी लोकांपुढे नेते. आपल्या धर्माचा, जातीचा किंवा महापुरुषाचा अपमान झाला म्हणून कमेंटच्या लढाईत उतरणारा मुलगा नकळत त्याच अपमानाची दवंडी पिटत असतो. समर्थन आणि विरोध या दोन्हींच्या पलीकडे तिसरा मार्ग आहे : काहीही न लिहिता त्या मजकुराची तक्रार नोंदवणे आणि पुढे जाणे. मुलांना तो पळपुटेपणा वाटतो. तो पळपुटेपणा नाही, हे त्यांना मोठ्यांनीच सांगायला हवे.

गाव काय वाचते?

तिसरा वाचक आहे गाव : शेजारी, जमाव, पोलीस ठाणे. या वाचकाला मुलांच्या आहेराची वही ठाऊक नाही. महाराष्ट्राने याचे ठळक उदाहरण नोव्हेंबर २०१२ मध्ये पाहिले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मत मांडले. तिच्या मैत्रिणीने त्याला लाईक दिले. दोघींनाही अटक झाली. पहिल्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे गुन्हा मागे पडला, पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. या अटकेमुळे देशभर चर्चेत आलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. न्याय मिळाला खरा; पण एका अंगठ्याची किंमत किती होऊ शकते, हे त्या दोन घरांनी अनुभवले.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सॲपवर ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून शहर पेटले. त्या प्रकरणात अल्पवयीन मुलांचीही नावे पुढे आली. आपल्या अमरावतीत २१ जून २०२२ रोजी एका औषधविक्रेत्याचा खून झाला. त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर या खुनामागे होता, असे राष्ट्रीय तपास यंत्रणेचे आरोपपत्र सांगते. मजकूर पुढे पाठवणे आणि माणसाचा जीव, यांतील अंतर किती कमी झाले आहे, हे आपल्या शहराला कोणी शिकवण्याची गरज उरलेली नाही.

कायदा या बाबतीत हळूहळू स्पष्ट होत आहे. लाईक देणे म्हणजे तो मजकूर प्रकाशित किंवा प्रसारित करणे नव्हे. पुढे पाठवणे मात्र प्रसारण ठरू शकते, असा फरक अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये केला. हा भेद स्वागतार्ह आहे. तथापि जमाव न्यायालयाचा निकाल वाचून घराबाहेर पडत नाही. पडद्यावरील नावांची यादी टिपून घेणारा माणूस ‘याने सहज दिले असेल’ असा विचार करत नाही. मुलाच्या दृष्टीने जो आहेर, तो गावाच्या दृष्टीने कौल ठरतो. एकाच खुणेचे असे तीन वाचक आहेत. मुलांना त्यांपैकी पहिलाच ठाऊक असतो, हे या सर्व प्रश्नाचे मूळ आहे.

उपाय कोठे शोधावा?

जगभर उपायांचा शोध चालू आहे. लाईकचा आकडा लपवण्याची सोय इन्स्टाग्रामने मे २०२१ पासून सर्वांना दिली. फेब्रुवारी २०२५ पासून भारतातही किशोरवयीनांसाठी वेगळी, अधिक बंदिस्त खाती आली. सोळा वर्षांखालील मुलांना त्यांतील निर्बंध सैल करायचे तर पालकांची संमती लागते. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची खाती रोखण्याची जबाबदारीच कंपन्यांवर टाकली. आपल्या देशात २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची खातरजमा केलेली संमती आवश्यक ठरणार आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत.

हे सर्व आम्ही योग्य मानतो. परंतु आपल्याकडील घरांचे चित्र वेगळे आहे. येथे पुष्कळदा घरात एकच चांगला भ्रमणध्वनी असतो, तो आईच्या नावावर असतो आणि मूल तोच वापरते. खाते उघडताना जन्मसाल कोणते टाकायचे, हे मुलांनी एकमेकांना शिकवलेले असते. ज्या संमतीचे बटण मूलच आईच्या वतीने दाबते, ती संमती कसली? कायदा दारापर्यंत येईल; दाराच्या आतील काम घरालाच करावे लागेल.

ते काम भ्रमणध्वनी हिसकावून घेण्याचे नाही. हिसकावलेला भ्रमणध्वनी मित्राच्या खोलीवर पुन्हा सापडतो, आणि मूल मात्र आपल्यापासून दूर जाते. प्रथम मुलाच्या शेजारी बसून ‘हे चिन्ह तू का दिलेस, त्याचा तुमच्यात काय अर्थ होतो?’ असे विचारावे आणि उत्तर ऐकावे. ते ऐकून घेतले की मग यंत्राचा आणि गावाचा अर्थ सांगता येतो, आणि मूलही तो ऐकते. दुसरे, कमेंटची एक सोपी कसोटी घरात ठरवावी : जे वाक्य आपण त्या माणसाच्या दारात उभे राहून, त्याच्या आईसमोर बोलू शकणार नाही, ते लिहायचे नाही. संत गाडगे महाराज कीर्तनात समोरच्या श्रोत्यांना थेट प्रश्न विचारत आणि लोक उत्तरे देत. प्रश्न बोचरे असत, पण विचारणारा आणि उत्तर देणारा एकमेकांच्या डोळ्यांत पाहत असत. त्यांच्याच अमरावती जिल्ह्यातील मुलांना ही रीत परकी वाटू नये.

तिसरी गोष्ट आम्हां मोठ्यांची. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात खातरजमा न करता मजकूर पुढे पाठवणारे बहुधा कोण असतात? काका, मामा, निवृत्त शिक्षक आणि, कबूल करायला हवे, कधीकधी आम्ही धर्मगुरूदेखील. अन्य समाजाविषयीचा विखारी विनोद वडिलांनी हसरे चिन्ह टाकून स्वीकारला, तर मुलाला वेगळा पाठ द्यावा लागत नाही. अमरावती आणि अकोल्यात आपण ख्रिस्ती संख्येने थोडे आहोत. आपली मुले ज्या बाकावर बसतात त्याच बाकावर हिंदू, मुस्लीम, बौद्ध घरांतील मुले बसतात. डबा वाटून खाणारी ही मुले संध्याकाळी कमेंटच्या रणांगणात समोरासमोर उभी राहू लागली, तर आपल्या शहरांचे पुढे काय होईल? आपल्या मुलांनी कोणत्याही बाजूचा आकडा न वाढवता त्या बाकावरची मैत्री राखली, तर ती या शहरांची फार मोठी सेवा ठरेल.

२०१९ च्या जागतिक संपर्कसाधन दिनाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी नेमक्या याच विषयाला स्पर्श केला होता. ख्रिस्तसभा हेही एक जाळेच आहे, परंतु तिचे ऐक्य लाईकवर नव्हे तर सत्यावर, म्हणजे ‘आमेन’वर उभे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आमेन म्हणजे ‘तसेच असो’. ते आपण विचार करून, स्वतःच्या आवाजात, शेजारच्या माणसाला ऐकू येईल असे म्हणतो, आणि म्हटल्यावर त्याची जबाबदारी घेतो. त्याचा आकडा कोणी मोजत नाही. आपल्या मुलांनी लाईक देऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. मैत्रिणीच्या आनंदाला आहेर जरूर करावा. पण आपली स्वतःची किंमत त्या आकड्यात शोधू नये, आणि ज्याला आपण मोठ्याने आमेन म्हणू शकत नाही त्याखाली आपली खूण सोडू नये.

या रविवारी मिस्सानंतर घरी गेल्यावर पालकांनी मुलांजवळ बसून एवढेच विचारावे : आज तू कोणाकोणाला लाईक दिलेस? उपदेशाची घाई न करता उत्तर शांतपणे ऐकावे. आणि मग आपलाही भ्रमणध्वनी मुलाच्या हातात द्यावा.